गल्ल्याखालचा खण

दैवशाला,
केजची पावणेदहाची गाडी स्टँडात लागली की
पोरं थेट माझ्याच दुकानावर येऊन आदळतात.
हातात कॅरीबॅग, बॅगेत टीसी, गुणपत्रक, जातीचा दाखला,
अन् मागं उभा बाप, चपला बाहेर काढून,
जसं काही हे दुकानच कॉलेज आहे.
"किती प्रती?" मी विचारतो.
"किती लागतेत?" ते मलाच विचारतात.
मी तीन सांगतो, पाच काढतो.

परवा तू येशील.
शाळेत एकतीस जणांत पहिली आलेली तू,
इथं एका वर्गात एकशेवीस पहिले बसलेत.
पहिल्या चाचणीला चाळीसपैकी अकरा पडतील कदाचित.
पडू दे. आकडा मला सांग,
आईला दिवाळीत सांगू.

घनतेला इथं डेन्सिटी म्हणतात, त्वरणाला ॲक्सलरेशन.
घाबरू नको, जिन्नस तोच आहे.
शेजारची कांताबाई सासरी जाऊन कल्पना झाली,
तरी तू तिला मागून, चालीवरनं ओळखलंसच की.

धपाटे आठ दिवसांचे बांधून देईल आई.
पहिल्याच रात्री खोलीतल्या पोरींत वाटून टाक.
तिसऱ्या दिवशी तसाही त्यांना वास येतो,
अन् ज्यांनी तुझे धपाटे खाल्ले
त्यांच्याकडं वही मागायला तोंड उघडतं.

तू "काहून" म्हणालीस की
मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसेल.
वाटलं तर "का" म्हण, "व्हाय" म्हण,
पण विचारायचं तेवढं सोडू नको.
मी शब्द नव्हता बदलला.
विचारायचंच सोडलं होतं.

नोट्सचं मी सांगू नये, पोट त्याच्यावरच चालतं माझं.
एका हुशार पोरीची वही येते,
तिच्या चाळीस प्रती निघतात,
अन् एप्रिलात त्यातल्याच दहाबारा
रद्दीतून परत येतात,
पिन सुद्धा न हललेल्या.
दुसऱ्याच्या अक्षरात झोप लवकर लागते, बाई.
तुझं अक्षर वाकडं आहे. असू दे.

शाळेत दोन दिवस दिसलं नाही
की साळुंके गुरुजी मॉनिटरला घरी धाडायचे.
इथं कोणी कोणाला धाडत नाही.
पहिला महिना हे लई गोड लागतं.
चहाच्या गाड्यावर दुपार जाते,
मग दुपारी जातात,
मग कोणीतरी विचारतं, "तू अजून आहेस व्हय इथं?"

आता गल्ल्याखालच्या खणाचं.
गडबडीत लोक प्रती उचलतात, मोजतात,
पिशवीत घालून गाडीला पळतात,
अन् मूळ कागद काचेवर राहतो,
झाकणाखाली.
हिरवा उजेड त्याच्यावरून फिरून गेलेला असतो पाच वेळा,
तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.
नंबर सापडला तर मी फोन करतो.
नाही सापडला तर खणात.
सध्या सात आहेत.
परळीच्या एका पोराचं डोमिसाइल,
कोणा शेख नाझनीनचं नववीचं प्रगतिपुस्तक,
त्यावर तिच्या बाईंनी लाल शाईत लिहिलंय, "वाचन उत्तम".
ते फेकायला हात धजत नाही.

सगळ्यात खाली एक टीसी आहे.
पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय.
दुसऱ्या वर्षात असताना काढलेला,
लातूरला नाव घालीन म्हणून.
तो कोणी विसरून गेलेलं नाही.
वर्तणूक: चांगली, असं आहे त्याच्यात.
तेवढ्यावर भागत नाही, हे मला तेव्हा कोणी बोललं नव्हतं.
बोललंही असेल. मी गाड्यावर होतो.

तू ये. साडेनऊलाच ये, नंतर रांग लागते.
प्रतींचे पैसे घेणार नाही,
पण मोजून घे,
भाऊ आहे म्हणून सोडू नको.
अन् निघायच्या आधी
झाकण तुपल्या हातानं उचलून बघ.
मी सांगायची वाट बघू नको.
गिऱ्हाइकात मी विसरतो.